तो दिवस आणि ती घटका



नोव्हेंबर महिना उजाडला की आपण दफनभूमीत जातो, कबरी स्वच्छ करतो, फुले वाहतो, मेणबत्त्या लावतो. याच महिन्यात उपासनेचे वर्षही संपत येते. ख्रिस्तराजाच्या सणाआधीच्या दिवसांत सूर्य काळवंडल्याची, तारे गळून पडल्याची, राष्ट्रावर राष्ट्र उठल्याची वाचने आपल्या कानी पडतात. मिस्सा संपल्यावर काही जण आमच्याकडे येतात आणि हळू आवाजात विचारतात, "फादर, हे सगळं आताच चाललंय का?" कोणी मोबाइलवर आलेला संदेश दाखवतात. त्यात लिहिलेले असते की लवकरच तीन दिवस काळोख पडणार, आशीर्वादित मेणबत्त्या घरात ठेवा आणि हा संदेश दहा जणांना पाठवा. कोणाच्या दारात कोणी पत्रक टाकून गेलेले असते. काही तरुण मात्र हसतात. म्हणतात, "फादर, दोन हजार साली जग बुडणार होतं, मग २०१२ साली बुडणार होतं. काय झालं?"

एकीकडे भीती, दुसरीकडे थट्टा. या दोहोंच्या मध्ये आपण कसे उभे राहावे, हा आजचा प्रश्न आहे. एखादी गोष्ट नक्की घडणार असे श्रद्धेने मानायचे आणि ती केव्हा घडणार हे मुळीच ठाऊक नसायचे, अशा अवस्थेत माणसाने प्रामाणिकपणे कसे जगावे?

आपण काय मानतो

दर रविवारी विश्वासांगीकार म्हणताना आपण तीन गोष्टी कबूल करतो: ख्रिस्ताचे गौरवी पुनरागमन, जिवंतांचा आणि मृतांचा न्याय, आणि कधीही न संपणारे त्याचे राज्य. इ. स. ३८१ मध्ये कॉन्स्टंटिनोपलच्या परिषदेत जमलेल्या बिशपांची ही श्रद्धा आजतागायत चर्चच्या मुखी आहे. एवढ्या मोठ्या घोषणेत एकही तारीख नाही, याकडे मात्र आपले फारसे लक्ष जात नाही.

तारीख का नाही, याचे उत्तर प्रभूनेच दिले आहे. संत मार्कच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात येशू आपल्या शिष्यांना सांगतो की तो दिवस आणि ती घटका कोणालाही ठाऊक नाही. स्वर्गातील दूतांना ठाऊक नाही आणि पुत्रालाही नाही, ती केवळ पित्याला ठाऊक आहे. या वचनाने ख्रिस्ती विचारवंतांना शतकानुशतके कोड्यात टाकले आहे. पुत्र देव असूनही त्याला ठाऊक नाही, हे कसे? कॅटेकिझम सांगतो की ही गोष्ट प्रकट करणे हे पुत्राच्या कार्यात नव्हते. आपल्यासाठी यात एक साधा धडा आहे. जी गोष्ट पुत्राने पित्याच्या हाती निर्धास्तपणे सोपवली, ती हिसकावून घ्यायला आपण का धडपडावे?

म्हणून आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे: कोण येणार, हे आपल्याला सांगितले आहे. केव्हा येणार, हे राखून ठेवले आहे. हे राखून ठेवणे आपल्या भल्यासाठीच आहे. पहिल्या गोष्टीला श्रद्धा लागते, दुसरीला नम्रता. यांपैकी एक गेली की दुसरीही फार काळ टिकत नाही.

थेस्सलनीकाकरांचे अश्रू

अंतकाळाविषयीचा प्रश्न चर्चमध्ये पहिल्यांदा कोणी विचारला? पंडितांनी नव्हे, तर शोक करणाऱ्या घरांनी. सुमारे इ. स. ५०-५१ च्या सुमारास संत पौलाने थेस्सलनीका शहरातील लहानशा ख्रिस्ती समुदायाला पत्र लिहिले. प्रभू लवकरच येईल अशी त्या लोकांची अपेक्षा होती. मध्यंतरी त्यांच्यातील काही जण मरण पावले आणि मागे राहिलेल्यांना चिंता पडली, की आपली माणसे आता त्या भेटीला मुकणार काय? पौल त्यांना धीर देतो. जे ख्रिस्तात मरण पावले आहेत ते मागे राहणार नाहीत, उलट तेच प्रथम उठतील. या शब्दांनी एकमेकांचे सांत्वन करा, असे तो त्यांना शेवटी सांगतो. अंतकाळाची शिकवण आपल्याकडे आली ती सांत्वन म्हणून. ती ऐकून कोणी अधिकच घाबरत असेल, तर सांगणाऱ्याचे काहीतरी चुकले आहे असे समजावे.

त्याच समुदायाला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात मात्र वेगळा सूर आहे. प्रभूचा दिवस येऊन ठेपलाच, अशी आवई तिथे उठली होती. जणू पौलानेच लिहिले आहे अशा पत्राचा उल्लेखही तिथे आढळतो. म्हणजे प्रेषितांच्या नावावर खपवलेले संदेश मोबाइलने प्रथम आणले असे नाही! त्या समुदायात काही लोक कामधंदा न करता इतरांच्या कामांत ढवळाढवळ करीत फिरत होते. पौलाचा आदेश सडेतोड आहे: शांतपणे काम करा, स्वतःची भाकर खा आणि चांगले करताना थकू नका.

दोन मेंढपाळ

दिवस मोजण्याचा मोह केवळ साध्याभोळ्या लोकांना होतो असे नाही. पुढाऱ्यांनाही तो होतो आणि तेव्हा त्याची किंमत गरिबांना मोजावी लागते. तिसऱ्या शतकाच्या आरंभी हिप्पोलिटस नावाच्या ख्रिस्ती लेखकाने दानिएलच्या ग्रंथावर भाष्य लिहिले. त्यात त्याने आपल्या काळातील दोन घटना नोंदवल्या आहेत.

पहिली घटना सिरियातील आहे. तिथल्या चर्चच्या एका पुढाऱ्याने अनेक बांधवांना बायकामुलांसह ख्रिस्ताला भेटायला म्हणून रानात नेले. ते डोंगरदऱ्यांत भटकत राहिले. दरोडेखोर समजून त्यांना पकडून ठार करण्याची वेळ आली होती. अधिकाऱ्याची पत्नी ख्रिस्ती होती, तिने रदबदली केली म्हणून ते वाचले. दुसरी घटना पाँटस प्रांतातील आहे. तिथला पुढारी माणूस म्हणून भाविक आणि नम्र होता, परंतु पवित्र शास्त्रापेक्षा आपल्या स्वप्नांवर त्याचा अधिक भरवसा बसला. वर्षाच्या आत न्यायाचा दिवस येणार, असे त्याने जाहीर केले. तसे न घडल्यास शास्त्रावरही विश्वास ठेवू नका, असेही तो सांगून बसला. लोकांनी शेती टाकली, गुरेढोरे विकून टाकली. वर्ष सरले. काहीच घडले नाही. आपले किडूकमिडूक विकून बसलेल्या लोकांवर भीक मागण्याची पाळी आली.

ज्यांनी वाडवडिलांच्या वाडीत पाणी ओढले आहे, त्यांना शेत पडीक टाकणे म्हणजे काय हे सांगायला नको. परंतु त्याहूनही मोठे नुकसान दुसरे होते. त्या पुढाऱ्याने देवाच्या शब्दाची पत आपल्या अंदाजाला गहाण टाकली. अंदाज खोटा ठरला, तेव्हा लोकांनी कोणाला खोटे ठरवले असेल?

तीन सेवक

या प्रश्नाचा सर्वांत समंजस विचार आम्हाला संत ऑगस्टीनच्या एका पत्रात दिसतो. तो आजच्या अल्जिरियातील हिप्पो शहराचा बिशप. इ. स. ४१० मध्ये रोम शहर लुटले गेले होते, ४१८ साली सूर्यग्रहण झाले होते. साहजिकच लोक धास्तावले होते. आजच्या क्रोएशियातील सलोना येथील बिशप हेसिकियस याने ऑगस्टीनला लिहिले, की शास्त्रातील चिन्हांवरून प्रभूचे येणे जवळ आल्याचे ओळखता येते. हा बिशप सत्पुरुष होता. त्याला प्रभूच्या येण्याची ओढ होती. ऑगस्टीनने त्याची थट्टा केली नाही. लांबलचक आणि आदरपूर्ण उत्तर लिहिले.

त्याचा आशय असा. तीन सेवक आहेत. तिघांचेही धन्यावर प्रेम आहे, तिघेही जागे राहून प्रार्थना करतात. पहिला म्हणतो, धनी लवकर येईल. दुसरा म्हणतो, धनी उशिरा येईल, पण आपले आयुष्य थोडे आहे. तिसरा म्हणतो, आयुष्य थोडे आहे आणि धनी केव्हा येईल हे मला ठाऊक नाही. पहिल्याचे म्हणणे खरे ठरावे असे आपल्या सर्वांनाच वाटते. परंतु तो चुकला तर ऐकणारे डगमगतील, धनी येतच नाही असे मानू लागतील. दुसरा चुकला तर अवचित आनंदच होईल. तिसऱ्याला पहिल्याचे म्हणणे खरे ठरावे असे वाटते, दुसऱ्याचे म्हणणे सोसण्याची त्याची तयारी आहे, आणि जे ठाऊक नाही ते ठाऊक असल्याचा आव तो आणत नाही. ऑगस्टीन स्वतः तिसऱ्याच्या बाजूला उभा राहतो.

तिघांची दिनचर्या सारखीच आहे, हे इथे नीट पाहावे. तिघेही जागे आहेत. तारखेच्या अंदाजाने पहिल्याला इतर दोघांहून अधिक काहीच करायला मिळाले नाही. प्रेम करणाऱ्या सेवकाला तारीख कळून करायचे असते तरी काय?

चर्चनेही पुढे हाच मार्ग धरला. १९ डिसेंबर १५१६ रोजी पाचव्या लॅटरन परिषदेने धर्मोपदेशकांना बजावले, की ख्रिस्तविरोधकाच्या येण्याची किंवा न्यायाच्या दिवसाची निश्चित वेळ सांगण्याचे धाडस कोणी करू नये. तरी मोह संपला नाही. अमेरिकेत विल्यम मिलर या शेतकरी उपदेशकाच्या गणितावर विसंबून हजारो प्रॉटेस्टंट बांधव २२ ऑक्टोबर १८४४ या दिवसाची वाट पाहत बसले. तो दिवस इतर दिवसांसारखाच मावळला. इतिहासात त्याला 'महान निराशा' असे नाव पडले. आपण त्यांना हसू नये. त्यांच्या डोळ्यांतील ओढ खरी होती. प्रश्न एवढाच, की आपल्यात तितकी ओढ तरी आहे काय?

न कळण्यातला लाभ

कोणी म्हणेल, "फादर, देवाने तारीख सांगितली असती तर सगळेच सुधारले असते." खरेच सुधारले असते काय?

इमॅन्युएल कांट या जर्मन तत्त्वज्ञाने १७८८ साली प्रसिद्ध केलेल्या एका ग्रंथात नेमका हाच विचार केला आहे. देव आणि अनंतकाळ जर सतत आपल्या डोळ्यांसमोर धडधडीत उभे असते, तर आपण नियम मोडले नसते हे खरे. परंतु बहुतेक कृत्ये भीतीपोटी झाली असती, काही आशेपोटी, आणि कर्तव्य म्हणून एकही नाही. माणसे कळसूत्री बाहुल्यांसारखी अचूक हातवारे करीत राहिली असती, आतून मात्र निर्जीव. कांटचे सगळेच विचार आपल्याला मान्य होण्यासारखे नाहीत, पण इथे त्याने मर्म पकडले आहे.

आपल्या घरातलेच उदाहरण घेऊ. बाबा सात वाजता येणार हे ठाऊक असलेला मुलगा पावणेसातला पुस्तक उघडतो. बाबा केव्हा येतील हे ठाऊक नसूनही जो अभ्यास करीत बसतो, त्याला बाबांविषयी आणि अभ्यासाविषयी खरी आस्था असते. तारीख कळली असती तर आपण पश्चात्तापही आदल्या दिवसापर्यंत लांबणीवर टाकला असता. भावाशी असलेले भांडण, बांधावरून तुटलेले बोलणे, बुडवलेले पैसे, सगळ्यांचा हिशेब शेवटच्या आठवड्यावर ढकलला असता. देवाशी आपले नाते घासाघिशीचे झाले असते. न कळल्यामुळे आजचा दिवस मोलाचा ठरतो.

अर्थात याची दुसरी बाजूही आहे. "कोणालाच ठाऊक नाही, मग काळजी कशाला?" असे म्हणून झोपी जाणे ही नम्रता नाही, तो आळस आहे. दहा कुमारींच्या दाखल्यात वराला उशीर झाला तेव्हा दहाही जणींना डुलकी लागली. फरक होता तो तेलाचा. आणि ऐन वेळी उसने तेल मिळाले नाही.

उशीर कोणाला सोसवत नाही

इथे एका कठीण प्रश्नाला आपण बगल देऊ नये. पहिल्या ख्रिस्ती लोकांना प्रभू लवकर येईल असे वाटत होते, आणि दोन हजार वर्षे लोटली. संत पेत्राचे दुसरे पत्र याचे उत्तर देते, की प्रभूला एक दिवस हजार वर्षांसारखा आहे. तो दिरंगाई करीत नाही, कोणाचा नाश होऊ नये म्हणून तो धीर धरीत आहे. आपण सुखवस्तू माणसे हे उत्तर सहज स्वीकारतो. परंतु प्रकटीकरणाच्या सहाव्या अध्यायात वधलेल्या हुतात्म्यांचे आत्मे वेदीखालून आक्रोश करतात: अजून किती काळ? ज्या बाईची जमीन खोट्या कागदांवर गेली, ज्या आईच्या लेकीला न्याय मिळाला नाही, तिला उशीर सोसवत नाही. तिच्यासाठी न्यायाचा दिवस ही धमकी नाही, तीच तिची आशा आहे.

प्रकटीकरणाचा ग्रंथ आशिया मायनरमधील सात चर्चना उद्देशून लिहिला गेला. छळाला आणि दडपणाला तोंड देणाऱ्या त्या समुदायांना धीर हवा होता. श्वापदे, शिक्के, आकडे या चिन्हांच्या भाषेतून त्यांना सांगितले गेले, की साम्राज्याचा शब्द शेवटचा नाही, वधलेल्या कोकराचा शब्द शेवटचा आहे. त्या ग्रंथाचे आगगाडीचे वेळापत्रक करणे म्हणजे रडणाऱ्या माणसाला आलेले सांत्वनपर पत्र घेऊन त्यातील अक्षरे मोजत बसण्यासारखे आहे.

पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी ३० नोव्हेंबर २००७ च्या आशेवरील परिपत्रकात हाच धागा धरला. इतिहासातील अन्यायच शेवटचा शब्द ठरावा हे अशक्य आहे, आणि म्हणूनच ख्रिस्ताचे पुनरागमन व नवजीवन यांची गरज मनाला पटते, असे त्यांनी मांडले. न्याय नसेल तर मारणारा आणि मरणारा शेवटी सारखेच ठरतात. ते आपल्या विवेकाला मानवत नाही.

पण न्यायाची आशा धरताना न्यायाधीशाची खुर्ची मात्र आपण बळकावू नये. चर्चने अनेकांना संत म्हणून घोषित केले आहे. अमुक माणूस नरकात आहे, असे तिने आजवर कोणाच्याही बाबतीत घोषित केलेले नाही. मत्तयच्या पंचविसाव्या अध्यायात उजवीकडचे आणि डावीकडचे दोघेही चकित होऊन विचारतात, प्रभू, आम्ही तुला केव्हा पाहिले? म्हणजे तारखेचे सोडाच, आपण कोणत्या बाजूला उभे आहोत हेही आपल्याला पुरते ठाऊक नसते. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर किंवा २०२० च्या महामारीत ज्यांनी 'त्यांच्या पापाची शिक्षा' असे शब्द उच्चारले, त्यांनी ही नम्रता सोडली. शिलोहचा बुरूज कोसळून अठरा माणसे मेली, तेव्हा येशूने स्पष्ट विचारले होते: ती इतरांहून अधिक पापी होती असे तुम्हाला वाटते काय?

मग आपण काय करावे?

तारखा सांगणारा संदेश आला तर तो पुढे पाठवू नये. त्यात संतांचे किंवा पवित्र मरियेचे नाव असले तरी पाठवू नये, आधी विचारावे. मुलांना जगबुडीची भीती घालून प्रार्थनेला बसवू नये. भीतीने शिकलेली प्रार्थना भीती सरली की सुटते. कोणी औषधोपचार थांबवायला, शिक्षण सोडायला किंवा घरदार विकायला सांगत असेल, तर तो ख्रिस्ताचा आवाज नाही हे ओळखावे. घरातील वृद्धांना अशा प्रश्नांनी रात्री झोप लागत नसेल, तर त्यांच्याजवळ बसावे, त्यांच्यासोबत जपमाळ म्हणावी आणि आम्हालाही कळवावे.

आणि जे करायचे ते आज करावे. प्रायश्चित्त संस्कार घ्यावा. तुटलेले बोलणे जोडावे. नोकराचा पगार अडवला असेल तर द्यावा. मिस्सामध्ये अर्पणानंतर आपण सारे मिळून ख्रिस्ताचे मरण व पुनरुत्थान जाहीर करतो आणि त्याच्या येण्याची वाट पाहतो असे म्हणतो. ते शब्द ओठांवर असताना शेजारच्या बाकावर कोण बसले आहे, हे एकदा पाहावे.

जगाचा अंत केव्हा होईल हे आपल्याला ठाऊक नाही, पण आपल्या प्रत्येकाचा लहानसा अंत दूर नाही. संत ऑगस्टीनलाही तो गाठायचा होता. इ. स. ४३० मध्ये व्हँडल टोळ्यांनी हिप्पो शहराला वेढा घातला. तापाने अंथरुणाला खिळलेल्या ऑगस्टीनच्या डोळ्यांसमोर त्याचे ओळखीचे जग कोसळत होते. तेव्हा त्याने चिन्हांचा हिशेब केला नाही. दाविदाची पश्चात्तापाची स्तोत्रे उतरवून भिंतीवर लावून घेतली आणि ती वाचत, अश्रू ढाळत तो प्रार्थना करीत राहिला. २८ ऑगस्टला तो प्रभूकडे गेला. तिसरा सेवक शेवटपर्यंत जागा होता.

स्वर्गारोहणाच्या दिवशी शिष्य आकाशाकडे टक लावून उभे होते. दूतांनी त्यांना हटकले आणि येशू परत येईल असे आश्वासन दिले. मग ते शिष्य डोंगरावरून खाली उतरले, यरुशलेमला परतले, मरियेसह एकचित्ताने प्रार्थनेत राहिले आणि आत्मा मिळताच कामाला लागले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनेही १९६५ साली हेच शिकवले, की नव्या पृथ्वीच्या आशेने या पृथ्वीची काळजी मंदावू नये, ती अधिक वाढावी.

आगमन काळ जवळ येत आहे. पहिल्या ख्रिस्ती लोकांनी 'मारानाथा' हा अरामी शब्द प्रार्थना म्हणून जपला. प्रभूने यावे, एवढाच त्याचा भाव. त्यात 'केव्हा' असे विचारलेले नाही. येत्या काळात आपण तोच शब्द आपल्या घरातील वेदीसमोर रोज संध्याकाळी म्हणू या, आणि म्हणून झाल्यावर दाराबाहेर कोणी वाट पाहत उभे आहे काय, हेही बघू या.

प्रभू आपणा सर्वांना आशेत स्थिर ठेवो.

आपले,
धर्मगुरू